अरेंडेलच्या थोरलीचं प्रकरण

ऐकावं ते नवलच! राज्याभिषेकाचा दिवस, दरबारात देशोदेशीचे पाहुणे, आणि घरातली थोरली मुलगी धाकटीशी भांडताना हातमोजा गमावते, सगळ्यांदेखत जमिनीतून बर्फाचे सुळे उगवते, ऐन जुलैत गावची खाडी गोठवते आणि डोंगरावर निघून जाते. तिथे पोहोचल्यावर तरी डोळ्यांना पदर लावेल की नाही? नाव नको. अंबाडा सोडते, वेणी खांद्यावर टाकते, अंगावरचा घरंदाज पोशाख उभ्या उभ्या बदलून गुडघ्यापर्यंत चिरलेला चमचमता निळा झगा घालते आणि वर गाणं म्हणते! बरं, असल्या मुलीकडे बघून जगभरातल्या आईबापांनी काय केलं? टीव्ही बंद केला? छे. तोच झगा आपल्या चार वर्षांच्या लेकींना आणून घातला. एकट्या उत्तर अमेरिकेत २०१४ या एका वर्षात 'फ्रोझन'चे ३० लाख पोशाख खपले. तीस लाख, मोजा!

'फ्रोझन' हा डिस्नेचा ॲनिमेशनपट नोव्हेंबर २०१३ मध्ये आला. सिनेमा १०२ मिनिटांचा, पण जगाने त्यात किती वर्षं घालवली याचा हिशेब कोणी द्यायचा? तिकीटबारीवर जवळपास १२८ कोटी डॉलर, दोन ऑस्करं, आणि शिवाय दुकानांतली मारामारी. २०१४ च्या वसंतात झगे संपले. १५० डॉलरचा मर्यादित आवृत्तीचा पोशाख लिलावाच्या संकेतस्थळांवर हजाराच्या वर गेला. डिस्नेच्या बागांत थोरली एल्सा आणि धाकटी ॲना बनून उभ्या राहिलेल्या दोन मुलींशी हात मिळवायला लोक पाच-पाच तास रांगेत! इतका वेळ आपण फक्त लालबागच्या राजाला देतो, आणि तिथे निदान पुण्य तरी पदरी पडतं. अमेरिकेतल्या नॅशनल रिटेल फेडरेशनच्या नाताळच्या पाहणीत ११ वर्षं मुलींच्या खेळण्यांत बार्बी पहिली होती. २०१४ मध्ये या बर्फवालीने तिला खाली बसवलं. बार्बीच्या घरी काय बोलणी झाली असतील, कल्पना करा.

जपानात तर कहर. सलग १६ आठवडे पहिला नंबर आणि चित्रपटगृहांत प्रेक्षकांनीच गाणी म्हणायचे खास खेळ. जपानी माणूस, जो लोकलमध्ये फोनवर बोलायला लाजतो, तो अंधारात गळा काढून गातोय!

आणि आपण काय मागे राहणार? ज्या प्रांतात बर्फ म्हटलं की गोळेवाल्याचा रंधा आठवतो, तिथे नागपूरच्या मे महिन्यात पूर्ण बाह्यांच्या निळ्या नायलॉनच्या झग्यात घामाघूम झालेल्या हिमराण्या वाढदिवसांना फिरू लागल्या. कंपासपेटीवर एल्सा, दप्तरावर एल्सा, केकवर खायच्या रंगाची एल्सा, ती कापायची म्हणून रडारड वेगळी. शाळेच्या गॅदरिंगला एका रांगेत सात एल्सा आणि कोपऱ्यात एकच ॲना, तीही मुसमुसत, कारण तिच्या आईला झगा उशिरा मिळाला.

मला खरा राग इथेच येतो. सिनेमा कोणाचा आहे हो? ॲनाचा! पडद्यावर जास्त वेळ ती. डोंगर चढते ती, लांडग्यांशी लढते ती, थंडीने कुडकुडते ती, शेवटी जीव देते ती. एल्साताई काय करतात? दार लावून घेतात. एकदा लहानपणी, मग मोठेपणी, मग स्वतःच दुसरा वाडा बांधून त्याचं. आणि प्रसिद्धी सगळी ताईंची! थोरलीचं कौतुक आणि धाकटीला राबवणं ही रीत आपल्याच घरांत आहे असं वाटत होतं, ती नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचलेली दिसते.

घराणं तरी कसलं, तेही बघून घेऊ. मुलगी आठ वर्षांची, तिच्या हातातून बर्फ निघतो. का निघतो, कुठून आला, आजोळकडून की वडिलांकडून, पहिल्या भागात चकार शब्द नाही. खेळता खेळता पाच वर्षांच्या धाकटीच्या डोक्याला लागतं. आईबाप तिला दगडी बुटक्यांकडे नेतात. म्हातारा बुटका स्वच्छ सांगतो की भीती हीच हिची शत्रू. यावर हे शहाणे राजाराणी काय करतात? मुलीला खोलीत कोंडतात, हातमोजे घालतात, महालाची दारं लावतात, नोकर कमी करतात आणि धाकटीची आठवण पुसून टाकतात! पालकत्वाची इतकी वाईट उदाहरणं मालिकांतही मिळत नाहीत. मग दोघं बोटीत बसतात आणि बुडतात. पुढची तीन वर्षं राज्य कोण चालवतं? माहीत नाही. मोठ्या राज्याचा हा कारभार, आणि आपण सोसायटीच्या सेक्रेटरीला नावं ठेवतो.

थोरलीने बांधलेला तो बर्फाचा महाल. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण त्यात मोरी कुठे? चूल कुठे? ती जेवणार काय, बर्फ? सख्खी बहीण भेटायला येते तर तिला बाहेर फेकायला दोन मजली हिमराक्षस तयार करायचा वेळ मिळतो, पण एक कोठीची खोली काढायला मिळत नाही.

महाल बांधला कसा, हे मात्र ऐका, कारण इथे माझी जीभ आपोआप मऊ होते. एल्सा तो महाल उभा करते, त्या दृश्याची एकेक चौकट तयार व्हायला संगणकाला ३० तास लागत होते, आणि असे ४,००० संगणक कामाला जुंपले होते. बर्फ ही चीज ॲनिमेशनला छळणारी. तो पाण्यासारखा वाहत नाही, दगडासारखा पडून राहत नाही. दाबला तर घट्ट होतो, तुडवला तर भुगा होतो, चिकटतो, तुटतो. डिस्नेच्या मंडळींनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या गणितज्ञांना हाताशी धरून त्यासाठी वेगळी पद्धत बसवली आणि तिच्यावर २०१३ मध्ये रीतसर शोधनिबंधही छापला. बर्फाचे कण कसे जुळतात ते शिकायला कॅलटेकचे भौतिकशास्त्रज्ञ केनेथ लिब्रेक्ट यांचं व्याख्यान ठेवलं. प्रकाश बर्फातून कसा झिरपतो ते बघायला माणसं क्यूबेकच्या बर्फाच्या हॉटेलात जाऊन आली. आणि आता कान इकडे करा: खोल बर्फात लांब घागरा घालून कसं चालतात हे कळावं म्हणून वायोमिंगच्या बर्फात स्टुडिओतल्या बायकांबरोबर पुरुषांनीही घागरे नेसून पाहिले! मिशा आणि घागरा. तरीच ॲनाचं ते धडपडणं, घोटा रुतणं, ओल्या कापडाचं गोठून कडक होणं इतकं खरं वाटतं.

एल्साच्या डोक्यावर चार लाख वीस हजार केस आहेत. खऱ्या माणसाच्या डोक्यावर साधारण लाखभर असतात. आपण इथे भृंगराज चोळून थकलो.

केसांवर एवढा खर्च केला, तर चेहरे तरी दोन करायचे! दोघी बहिणी आणि त्यांची आई, तिघींचा साचा एकच. तेच टपोरे डोळे, तेच चिमटीएवढं नाक. ॲनाचे डोळे तिच्या मनगटापेक्षा मोठे आहेत, हेही लोकांनी मोजून दाखवलं. पुरुषांना मात्र हवी ती नाकं, हवे ते जबडे. सिनेमा यायच्या सुमाराला ॲनिमेशन-विभागाच्या प्रमुखाच्या तोंडून निघून गेलं की स्त्री पात्रं चितारणं अवघड, कारण चेहऱ्यावर भावना हव्यात आणि त्या सुंदरही दिसायला हव्यात. झाला गहजब! स्टुडिओला वाटलं, वाक्याचा विपर्यास झाला. आम्हाला वाटलं, चला, खरं तरी बोलला.

आता आतली गोष्ट. ही एल्सा मुळात खलनायिका होती. हान्स ख्रिश्चन अँडरसनची 'स्नो क्वीन' ही १८४४ ची कथा, तिच्यातली राणी लहान मुलाला पळवून नेणारी. वॉल्ट डिस्नेच्या काळापासून स्टुडिओ त्या कथेच्या मागे होता आणि दर वेळी अडत होता तो याच प्रश्नाशी, की या बाईचं करायचं काय. 'फ्रोझन'च्या सुरुवातीच्या आराखड्यांत तिचं अंग निळं, केस उभे आणि खांद्यावर जिवंत प्राण्यांचा कोट! मग गीतकार क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ हे नवरा-बायको ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कात फिरायला गेले. त्या पोरीला आत काय वाटत असेल, हे बोलता बोलता दीड दिवसात 'लेट इट गो' तयार. ते ऐकल्यावर सगळ्यांना कळून चुकलं की असं गाणारी बाई दुष्ट असूच शकत नाही. पटकथा पुन्हा लिहायला घेतली. म्हणजे बघा, गाण्याने सिनेमा पळवला! आयडिना मेन्झेलच्या आवाजातलं ते गाणं ऑस्कर घेऊन आलं, रॉबर्ट लोपेझचा एमी, ग्रॅमी, ऑस्कर आणि टोनी असा चौकार पुरा झाला, आणि त्या सोहळ्यात जॉन ट्रॅव्होल्टाने बिचाऱ्या गायिकेचं नाव असं काही उच्चारलं की ती 'अडेल दझीम' म्हणून जास्त प्रसिद्ध झाली.

या गाण्याचं एक मात्र कोणी बोलत नाही. ते स्वातंत्र्याचं गाणं म्हणून पोरी बेंबीच्या देठापासून गातात, पण सिनेमा काय सांगतो? ती गात असताना खाली अख्खं गाव थंडीने काकडतंय. तिला वाटतंय सुटले, आणि प्रत्यक्षात तिने जागा बदलून तोच कोंडवाडा पुन्हा बांधलाय, या वेळी बर्फाचा. सिनेमाचा सगळ्यात हुशार डाव हाच, आणि गाणं इतकं झकास जमलं की तो डाव कोणाच्या लक्षातच आला नाही.

आता माझा आपला एक तर्क, पटला तर घ्या. एल्सा सज्जन झाल्यावर दुष्टाची खुर्ची रिकामी पडली. तिथे कोणाला तरी बसवायला हवं. बसवलं राजपुत्र हान्सला! हे स्थळ दिसायला उत्तम, बोलायला गोड, पण तेरावा मुलगा. वर बारा भाऊ! आपल्याकडच्या कुठल्याही मावशीने इथेच विचारलं असतं, वाटणीला काय येणार. ॲनाला मावशी नाही. संध्याकाळी ओळख, रात्री लग्न पक्कं. एल्सा म्हणते, आज भेटलेल्या माणसाशी लग्न करता येणार नाही. बर्फ विकणारा क्रिस्टॉफ तर चौकशीच करतो, आडनाव काय, आवडीचं जेवण काय, डोळ्यांचा रंग कोणता. इतकी वर्षं एका नाचात लग्नं लावून देणाऱ्या डिस्नेने स्वतःच्याच घराण्याची अशी टर उडवावी, हे मला मनापासून आवडलं.

पण फसवणूक प्रेक्षकांचीही आहे. हान्स शेवटी मुखवटा काढतो, मेणबत्ती विझवतो आणि मरणाऱ्या मुलीला थंड खोलीत सोडून जातो. तोपर्यंत त्याच्यात खोट दिसते कुठे? गावात घोंगड्या वाटतो, एल्सावर रोखलेला बाण चुकवतो. तेही नाटक म्हणा हवं तर. पण पहिल्या भेटीनंतर ॲना निघून जाते, हा नावेसकट पाण्यात पडतो, डोकं वर काढतो आणि तिच्याकडे बघून विरघळल्यासारखा हसतो. तेव्हा आजूबाजूला चिटपाखरू नाही! मग ते हसू कोणासाठी? आमच्यासाठी. पात्राने पात्राला फसवावं, त्याला कथा म्हणतात. दिग्दर्शकाने प्रेक्षकाला फसवलं की आम्ही चार जणींत बोलणार. त्याची वकिली करणारेही आहेत. म्हणे तो आरसा आहे, समोरचा जसा तसा हा. असेल. आरशाला एकट्याने हसता येत नाही.

दगडी बुटक्यांचं तर विचारूच नका. ॲनाचं काळीज गोठतंय, केस पांढरे पडताहेत, क्रिस्टॉफ तिला उचलून आणतो आणि ही मंडळी काय करतात, तर नाचगाणं करत दोघांचं लग्न लावायला घेतात. घरात पेशंटला ऑक्सिजन लावलाय आणि नातेवाईक साखरपुड्याचा मेनू ठरवताहेत, तशातली गत. बरं, ते गाणं संपलं की गाणी संपलीच. पुढच्या सगळ्या गोंधळात कोणी सूर लावत नाही. पूर्वार्धात ताटभर वाढलं आणि उत्तरार्धात हात आखडता घेतला.

आणि तरी, अहो तरी, मी चौथ्यांदा बघतानाही त्या दारापाशी रडतेच. धाकटी बहीण बंद दाराबाहेर बसून बर्फाचा बाहुला करायला बोलावते. आधी पाच वर्षांची, मग नऊ, मग पंधरा. गाणं तेच, दार तेच, शेवटी मागे आईबाप नाहीत. तीन-साडेतीन मिनिटांत दहा वर्षं सरकतात. घराणेशाही म्हणाल तर इथेही आहे बरं: पाच वर्षांच्या ॲनाचं गाणं गीतकारांच्या मुलीने म्हटलंय आणि नऊ वर्षांच्या ॲनाचं दिग्दर्शिकेच्या मुलीने! पण जेनिफर लीला सगळं माफ. क्रिस बकबरोबर दिग्दर्शन तिचं, पटकथा तिची. डिस्नेच्या त्या स्टुडिओत पूर्ण लांबीच्या चित्रपटाचं दिग्दर्शन करणारी ती पहिली बाई. खरं प्रेम म्हणजे राजपुत्राचं चुंबन, ही ठरलेली वाट सोडून तिने बहिणीला बहिणीसाठी तलवारीपुढे उभं केलं. बाकीची सगळी भोकं त्या एका क्षणाने बुजतात असं मी म्हणणार नाही. पण त्या वेळी दिसत नाहीत, एवढं खरं.

ओलाफबद्दल माझा अंदाज होता की हा पोरांना हसवायला ठेवलेला आगाऊ विदूषक असणार. पण उन्हाळ्याची स्वप्नं बघणारा हिममानव, आणि शेकोटीपाशी वितळत असतानाही ॲनाला सोडून न जाणारा! चांगलाच जमलाय. फक्त तो त्याच्या मालकांना पचला नाही. २०१७ मध्ये त्याचा २१ मिनिटांचा लघुपट 'कोको'च्या आधी लावला. 'कोको' म्हणजे मेक्सिकोच्या घराघरातल्या पितरांचा सिनेमा, तो बघायला मेक्सिकोची माणसं आजीआजोबांसकट आलेली, आणि समोर हा गाजरनाक्या नॉर्वेच्या नाताळाचं कवतिक सांगत बसला. लोक इतके वैतागले की तिथल्या चित्रपटगृहांनी तो काढूनच टाकला.

लोकांच्या जिभेला तरी हाड कुठे असतं! कोलोरॅडोच्या एका पाद्रीबुवांनी रेडिओवर या सिनेमात सैतानाचा हात पाहिला. कोणी म्हणालं, वॉल्ट डिस्नेचा देह बर्फात गोठवून ठेवलाय, आणि इंटरनेटवर ते शोधणाऱ्यांना चकवण्यासाठीच सिनेमाला हे नाव दिलं. त्या बिचाऱ्याचं १९६६ मध्ये रीतसर दहन झालं, पण दहनात मजा काय? त्याहून चविष्ट वावडी खुद्द क्रिस बकने सोडली. त्यानेच पूर्वी 'टारझन'चं दिग्दर्शन केलं होतं. तो मिश्कीलपणे म्हणाला, ते राजाराणी बुडाले नाहीत, किनाऱ्याला लागले, तिथे त्यांना मुलगा झाला, तोच टारझन! म्हणजे एल्साताईंना जंगलात भाऊ, आणि राखी पौर्णिमेला यांचं काय होत असेल! पुढे २०१९ च्या दुसऱ्या भागाने बोटीची वेगळीच हकीकत सांगितली आणि टारझन पुन्हा अनाथ झाला.

दुसऱ्या भागाने पहिल्याची बरीच उसवण शिवली. बर्फ कुठून आला ते सांगितलं. पहिल्या भागात उत्तर युरोपातल्या आदिवासी सामी लोकांचा पेहराव आणि सूर वापरले पण त्यांना विचारलं नाही, ही तक्रार होती. या वेळी सामी संसदांशी लेखी करार केला आणि उत्तर सामी भाषेत आवृत्तीही काढली. आपल्याकडे हिंदीत एल्सा झाली प्रियांका चोप्रा आणि ॲना झाली परिणीती, म्हणजे बहिणींच्या भूमिकेला घरातल्याच बहिणी. कमाई जवळपास १४५ कोटी डॉलर, पहिल्याहून जास्त. पण खरं सांगू? शिवण उत्तम, कापड मात्र पहिल्याचंच बरं होतं. सगळं समजावून सांगितल्यावर त्या मुलीबद्दल बोलायला उरतं काय?

आता तिसरा भाग २०२७ मध्ये यायचा म्हणतात. पहिल्या वेळी झगा घालून केक कापणाऱ्या पोरी तेव्हा कॉलेजात असतील. त्या तोवर पहिला भाग पुन्हा बघणारच, तर त्यांना एवढंच सांगते, श्रेयनामावली संपेपर्यंत उठू नका. सिनेमात क्रिस्टॉफ म्हणतो की पुरुष सगळेच नाकातलं काढून खातात. त्यावर अगदी शेवटी, बारीक अक्षरांत, कंपनीने खुलासा छापलाय की हे मत क्रिस्टॉफचं वैयक्तिक असून कंपनी त्याच्याशी सहमत असेलच असं नाही! पुरुषजातीच्या नाकाची एवढी काळजी. तीन वर्षं राज्य कोणी चालवलं आणि महालात मोरी कुठे होती, याचा खुलासा छापायला म्हणे जागा उरली नाही.